दिवसभर राबूनही काम पुढे सरकत नाही? या चुका टाळा

हुशार, मेहनती माणसं त्याच त्याच खड्ड्यात पडताना बघून जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे काम नेमकं काय आहे हे न विचारता कामाला लागणं. 'नॉलेज वर्कर', म्हणजे हातांपेक्षा डोक्याने काम करणारा माणूस, हा शब्द व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५९ मध्ये वापरात आणला. अशा माणसाच्या उत्पादकतेवर १९९९ मध्ये लिहिताना त्यांनी पहिला प्रश्न ठेवला तो हाच: काम काय आहे? गवंड्याला भिंत कुठे बांधायची ते आखून मिळतं. आपल्याला आखणीपासूनच सुरुवात करावी लागते.

एकदा वरिष्ठ म्हणाले, "या तीन सॉफ्टवेअरची तुलना करून द्या." मी अकरा दिवस खपून ४६ पानांचा अहवाल केला, प्रत्येक सुविधेच्या तक्त्यासकट. बैठकीत त्यांनी दोन पानं उलटली आणि विचारलं, "आपल्या जुन्या नोंदी यातल्या कशात जशाच्या तशा जातील?" त्यांचा निर्णय तेवढ्यावरच अडला होता. माझ्याकडे त्याचं उत्तर एकतिसाव्या पानावर, एका तक्त्याच्या शेवटच्या ओळीत होतं, आणि तेही कंपन्यांच्या माहितीपत्रकातून उचललेलं. शंभरेक नोंदी प्रत्यक्ष टाकून बघायला एक दुपार पुरली असती.

तेव्हापासून फाइल उघडायच्या आधी मी एक ओळ लिहितो: 'हे वाचून कोण, काय ठरवणार?' काम देणाऱ्याला ती पाठवतो आणि उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाही. नवख्यांना वाटतं, लगेच सुरुवात केली की छाप पडते. चुकीच्या दिशेने केलेली घाई कुणाच्याच उपयोगाची नाही.

दुसरी चूक, काम मध्येच टाकून उठणं. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की माणूस दुसऱ्या कामाला लागला तरी मनाचा एक भाग आधीच्या कामात रेंगाळतो. थांबण्यापूर्वी कुठे पोचलो आणि पुढे काय करायचं हे लिहून ठेवलं तर हे रेंगाळणं कमी होतं, असं त्यांच्याच पुढच्या संशोधनात आढळलं. कुणी हाक मारली तर मी "अर्धा मिनिट" म्हणतो आणि मजकुरातच लिहितो: 'तिसऱ्या तक्त्याची बेरीज जुळत नाही, मार्चपासून बघ.' परत आल्यावर बोट थेट मार्चवर जातं.

नवं अ‍ॅप घेऊन शिस्त येत नाही. आधी महिनाभर साध्या वहीत यादी ठेवून दाखवा.

सकाळचा पहिला तास मेलला देऊ नका.

आणि टीम सांभाळणाऱ्यांनो, बंद झालेली तिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं किंवा तक्रारी, मोजू नका. आकडा मोजला जातोय म्हटल्यावर अवघड तिकिटाला कुणी हात लावत नाही. मी शुक्रवारी प्रत्येकाला एवढंच विचारतो: तुझ्यामुळे या आठवड्यात कुणाचं काय अडलेलं सुटलं?