बीटा टाकला आणि सर्व्हर रुसला? दुरुस्तीला बसायच्या आधी एवढं जवळ घ्या

घरातले फोटो आणि फाइल सांभाळणाऱ्या सर्व्हरवर शनिवारी रात्री साडेअकराला "नवीन बीटा आलाय" (म्हणजे अजून चाचणीतलं व्हर्जन) अशी पाटी दिसते, आपण म्हणतो दहा मिनिटांचं तर काम आहे, आणि रविवारी सकाळी आई विचारते, "अरे, टीव्हीवर बारशाचे फोटो का दिसत नाहीयेत?" माझ्याकडे अगदी असंच झालं. जुना डेस्कटॉप, त्यात ४ टीबीच्या चार डिस्क, झेडएफएस या फाइल सिस्टीमचा पूल (सगळ्या डिस्क मिळून केलेला एकच साठा), वर एक फुकटातली स्टोरेज सिस्टीम जिचं नाव मी घेत नाही कारण बीटावर "बीटा" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि तरी मी बटण दाबलं. वेबपेज उघडेना, शेअर दिसेना, मी ठरवूनच टाकलं की डिस्क गेल्या, कॅबिनेट उघडलं, सगळ्या केबल हलवून पाहिल्या. खरी भानगड एवढीच होती की नव्या कर्नलने (सिस्टीमच्या गाभ्याने) नेटवर्क कार्डाचं नाव बदललं होतं आणि फिक्स करून ठेवलेला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) जुन्या नावाला लटकून बसला होता. पाच मिनिटांचं काम. पण माझ्या हलवाहलवीत तिसऱ्या डिस्कची साटा केबल ढिली झाली आणि तिथून पुढे दोन दिवस जे चाललं ते बीटाचं नव्हतं, माझं होतं. तेव्हा ही यादी म्हणजे मी त्या रात्री आधी काय गोळा करायला हवं होतं, तेच.

सगळ्यात पहिलं, हात मागे. स्क्रीनवर पूल दिसत नसेल आणि "नवीन पूल तयार करा" असं बटण दिसत असेल तर ते आपल्यासाठी नाहीये. तसंच डिस्क काढून विंडोजच्या मशीनला लावून बघायचा मोह होतो, विंडोजला झेडएफएस किंवा ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) आपणहून कळत नाही, ते लगेच विचारतं डिस्क इनिशिअलाइज करू का, फॉरमॅट करू का, तिथे घाईत "हो" म्हटलं की संपलं. आणि तिसरं बटण सगळ्यात साळसूद दिसणारं, "पूल अपग्रेड करा". सिस्टीमचं अपग्रेड वेगळं आणि पूलचं वेगळं, सिस्टीम मागे नेता येते पण पूलवर नवीन फीचर चालू केली की ती परत बंद होतीलच असं नाही, आणि मग जुनं व्हर्जन तो पूल फार तर रीड-ओन्ली उघडतं, नाहीतर उघडतच नाही. महिनाभर तरी ती पिवळी सूचना तशीच राहू द्या, डोळ्यांना खुपली तरी खुपू द्या.

दुसरं, वही आणि पेन. खरंच कागदाची वही, कारण नोट्सचं ॲप त्याच सर्व्हरवर असतं. प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर लिहायचा, कुठल्या खणात आहे ते लिहायचं, कॅबिनेट उघडं असेल तर लेबलांचे मोबाइलवर फोटो काढायचे. लिनक्स डिस्कना देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं दर बूटला बदलू शकतात, काल जी एसडीबी होती ती आज एसडीडी असेल, त्यामुळे त्या नावावर भरवसा ठेवून डिस्क उपसली तर चांगलीच डिस्क हातात यायची. मी आता प्रत्येक खणावर मार्करने सीरियलची शेवटची चार अक्षरं लिहून ठेवलीत. आणि वहीत जे जे कराल ते वेळेसकट लिहा, रात्री दोनला आपण काय टाइप केलं ते सकाळी कोणालाच आठवत नाही.

तिसरं, मॉनिटर आणि कीबोर्ड. सर्व्हर बहुतेकांचा माळ्यावर नाहीतर टीव्हीच्या मागे असतो आणि वर्षानुवर्षं ब्राउझरमधूनच चालतो, त्यामुळे वेळ आली की एचडीएमआय केबल सापडत नाही. वायरवाला यूएसबी कीबोर्ड ठेवा, ब्लूटूथवाला बायोसमध्ये (सिस्टीम सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) काही कामाचा नसतो. बूट होताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, ओळी सरसर जातात पण व्हिडिओ थांबवून वाचता येतो. मी हे आधी केलं असतं तर नेटवर्क कार्डाचं नवीन नाव तिथेच दिसलं असतं. वेबपेज उघडत नाही याचा अर्थ सर्व्हर मेला असा नाही, आधी राउटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी बघा, कदाचित तो बिचारा वेगळा आयपी घेऊन मजेत बसलाय.

राउटरवरून आठवलं, इंटरनेटची दुसरी सोय पाहिजे. जाहिराती अडवणारं पाय-होल ज्यांनी त्याच सर्व्हरवर टाकलंय त्यांच्या घरी सर्व्हर पडला की सगळ्यांचंच नेट बंद, कारण डीएनएसला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणाऱ्या विचारणेला, उत्तर द्यायला कोणी नाही. राउटरमध्ये डीएनएस म्हणून तात्पुरतं १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाका म्हणजे घरातली बोलणी तरी थांबतील. हाच घोळ पासवर्डचा. पासवर्ड मॅनेजर त्याच सर्व्हरवर, आणि सर्व्हरचा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये. पूल एन्क्रिप्ट केला असेल तर त्याची की किंवा पासफ्रेज घराबाहेर कुठेतरी, किंवा निदान कपाटात कागदावर असलीच पाहिजे, ती नसेल तर बाकीची यादी वाचून काही उपयोग नाही.

चौथं, दोन पेनड्राइव्ह, ८ किंवा १६ जीबीचे चालतील. एकावर जे व्हर्जन आधी नीट चालत होतं त्याची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल), दुसऱ्यावर लॉग ठेवायला मोकळी जागा. शिवाय सेटिंगची कॉन्फिग फाइल, ती अपग्रेडच्या आधीची हवी, नंतरची नाही, कारण नव्या व्हर्जनने बदललेली कॉन्फिग जुन्यावर चालेलच असं नाही. ही फाइल काढताना "सीक्रेट सीडसकट" असा पर्याय असेल तर तो टिक करा, नाहीतर साठवलेले पासवर्ड आणि की परत आल्यावर उघडत नाहीत.

आता बॅकअप. खरं तर हे सगळ्यात आधी यायला पाहिजे होतं पण ज्याचा सर्व्हर पडलाय त्याला "बॅकअप घेतला होता का" विचारणं म्हणजे भाजलेल्यावर मीठ, म्हणून जरा उशिरा लिहितोय. स्नॅपशॉट (फाइलींची त्या क्षणाची जपलेली अवस्था) म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो. रेड (एखादी डिस्क गेली तरी चालावं म्हणून अनेक डिस्क एकत्र बांधणं) म्हणजेही बॅकअप नव्हे. एक मोकळी बाहेरची डिस्क आणून ठेवा आणि वेळेचा हिशोब आधीच करा, कारण इथे लोक फसतात: गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० एमबी धरले तर ४ टीबी कॉपी व्हायला १० तास लागतात, आणि डिस्क चुकून यूएसबी २ च्या पोर्टला लावली तर सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास, म्हणजे ३० तासांच्या वर. सगळं वाचवायला वेळ नसेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं, सिनेमे परत मिळतात.

एवढं कॉपी करायचं म्हणजे लाइटची सोय बघा. पुण्यात आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट घालवायचा वार बहुतेक गुरुवार, त्यामुळे बुधवारी रात्री मी लांबलचक काम लावतच नाही. घरच्या इन्व्हर्टरवर सर्व्हर असेल तर त्याचं बटण "यूपीएस मोड"ला आहे का बघा, नुसत्या इन्व्हर्टर मोडला लाइट जाताना जो झटका बसतो त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो. आणि यूपीएस यूएसबीने सर्व्हरला जोडलेला असेल तर अपग्रेडनंतर तो सर्व्हरला अजून दिसतोय का हेही तपासा, नाहीतर बॅटरी संपत आली तरी सर्व्हरला पत्ताच नाही.

इतकं जमलं की मग बसायचं, आणि पहिला प्रयत्न परत मागे जायचा. बऱ्याच सिस्टीममध्ये अपग्रेड करताना जुनी बूट एन्व्हायर्नमेंट (आधीच्या व्हर्जनची बूट होणारी प्रत) तशीच राखलेली असते, बूटच्या वेळी मेनूतून ती निवडता येते. जुन्यात गेलं आणि सगळं दिसलं तर दोष सॉफ्टवेअरचा, डिस्कचा नाही, जीव भांड्यात पडला. मागे जाणं म्हणजे हार वगैरे काही नाही. मी मात्र "आता शोधूनच काढतो" म्हणत बसलो होतो.

मागे जाऊनही दिसत नसेल तर खालून वर चला. बायोसला डिस्क दिसतात का? तिथेच तीन दिसत असतील तर बीटाला शिव्या घालू नका, पॉवर आणि केबल बघा. बायोसला चार दिसतात तर लिनक्सला दिसतात का ते एलएसबीएलके (lsblk) या कमांडने बघा. मग नुसतं "झेडपूल इम्पोर्ट" (zpool import) टाइप करा, पुढे नाव न देता, त्याने काहीच इम्पोर्ट होत नाही, फक्त कुठले पूल सापडले त्याची यादी येते. पूलचं नाव दिसलं की अर्धं टेन्शन गेलं. मग पहिल्यांदा रीड-ओन्ली इम्पोर्ट, महत्त्वाचं बाहेर कॉपी, मगच नेहमीचं इम्पोर्ट. आणि या कमांडला लावायचा छोटा एफ (-f) आणि मोठा एफ (-F) यांत गल्लत करू नका. छोटा म्हणजे पूल दुसऱ्या सिस्टीमचा वाटतोय तरी घे, मोठा म्हणजे शेवटी लिहिलेलं थोडं टाकून देऊन मागे जा. कोणीतरी सांगितलं म्हणून मोठा एफ मारायचा नाही, मारायचाच असेल तर आधी सोबत "एन" (-n) लावून नुसतं विचारून घ्यायचं की जमेल का. ज्यांच्याकडे एमडीएडीएमचं (लिनक्समध्ये रेड बनवणाऱ्या साधनाचं) रेड आहे त्यांच्यासाठी एकच वाक्य: असेंबल (असलेलं जोडणं) चालेल, क्रिएट (नवीन बनवणं) नाही.

डिस्कवर संशय असेल तर स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे) चार आकडे वहीत उतरवा: ५, १९७, १९८ आणि १९९. पहिले तीन सेक्टर खराब होण्याबद्दल सांगतात, ते वाढत असतील तर नवीन डिस्कची तयारी ठेवा. १९९ हा सीआरसी एररचा (डिस्ककडे डेटा जाता-येता होणाऱ्या चुकांचा), तो बहुतेक वेळा केबलचा किंवा कनेक्टरचा, डिस्कचा नाही. माझ्या तिसऱ्या डिस्कचा हाच आकडा वाढत होता आणि मी नवीन डिस्कची किंमत काढत बसलो होतो! शेवटी तपकीर गल्लीतून (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) क्लिपवाल्या दोन साटा केबल आणल्या आणि आकडा थांबला. थांबला म्हणतोय, शून्य झाला नाही, तो कधी शून्य होत नाही, म्हणून आजचा आकडा तारखेसकट लिहून ठेवायचा आणि आठवड्याने परत बघायचा.

लॉग लगेच पेनड्राइव्हवर काढा, रीस्टार्टच्या आधी. काही सिस्टीममध्ये जर्नल (सिस्टीमचा लॉग) फक्त रॅममध्ये असतं, रीबूट केलं की पुरावा गायब. बग रिपोर्ट टाकणार असाल तर कुठून कुठल्या व्हर्जनला गेलात, मदरबोर्ड आणि नेटवर्क चिप कुठली, एवढं तरी लिहा, नुसतं "चालत नाहीये" लिहून कोणाला काय कळणार. डीबग फाइल जोडायच्या आधी त्यात स्वतःचे ईमेल, शेअरची नावं आहेत का बघा.

डिस्क ठीक, पूल ठीक, तरी शेअर उघडत नाही, हे वेगळं खातं. जुना मीडिया प्लेअर किंवा स्कॅनर एसएमबी१ (फाइल शेअरिंगची जुनी भाषा) बोलत असेल तर नवीन सांबा (सर्व्हरवरचा शेअर देणारा प्रोग्राम) त्याला दारात उभं करत नाही, २०१९ च्या ४.११ पासून ते आपोआप बंदच असतं. विंडोज ११ च्या नव्या व्हर्जनमध्ये बिनपासवर्डच्या गेस्ट शेअरची अडचण येते, त्यावर उपाय म्हणजे घरातल्यांसाठी एक साधा युजर करून टाकणं. फाइलच्या मालकाच्या जागी नावाऐवजी नुसता आकडा दिसला तर युजरचा आयडी बदललाय, सगळ्यांना सगळी परवानगी देऊन मोकळं व्हायची घाई नको.

ॲपचं मात्र जपून. सिस्टीम मागे नेली तरी आतल्या ॲपने आपला डेटाबेस पुढे नेलेला असू शकतो. नेक्स्टक्लाउडला (स्वतःच्या सर्व्हरवर फाइल ठेवायचं ॲप) डाउनग्रेड चालत नाही आणि वर जातानाही मधलं मोठं व्हर्जन गाळता येत नाही. फोटोंच्या ॲपचं तसंच, फोटोच्या फाइल जाग्यावर असतात पण अल्बम, चेहऱ्यांची नावं सगळं डेटाबेसमध्ये, म्हणून डेटाबेसचा डंप वेगळा काढायची सवय लावा.

आणि सगळं चालू झालं की स्क्रब (पूलमधला सगळा डेटा वाचून तपासणं) लावाच, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ओपनझेडएफएसमध्ये (झेडएफएसची खुली आवृत्ती) एक बग उघड झाला, २.२.० हे व्हर्जन तेव्हा बीटा नव्हतं, स्टेबल होतं. काही विशिष्ट परिस्थितीत कॉपी केलेल्या फाइलमध्ये मधेच शून्यं भरली जात होती. आधी सगळ्यांना वाटलं ब्लॉक क्लोनिंग या नव्या सोयीचा दोष, म्हणून २.२.१ मध्ये ते बंद केलं, मग कळलं की मूळ चूक बरीच जुनी आहे, आणि दुरुस्ती २.२.२ आणि २.१.१४ मध्ये आली. यात गंमत अशी की स्क्रबला यातलं काही दिसत नव्हतं, कारण चुकीचाच मजकूर लिहिला गेला आणि त्याचंच चेकसम (पडताळणीचा आकडा) बरोबर निघालं. म्हणून दहावीस फोटो, दोनचार व्हिडिओ, एखादी झिप फाइल उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा, जुन्या बॅकअपशी ताडून बघितलं तर आणखी उत्तम.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा की आज फोटो दिसणार नाहीत, दर दहा मिनिटांनी "झालं का" ऐकत टर्मिनलवर टाइप करणं धोक्याचं. आणि त्या दोन पेनड्राइव्हवर ठळक मार्करने लिहा "सर्व्हर, हात लावू नये". मी लिहिलं नव्हतं. बाबांनी आयएसओचा पेनड्राइव्ह रिकामा समजून त्यावर भजनं भरली आणि गाडीत लावला, तो आता गाडीतच असतो, मी नवीन आणला.