सोपं गाणं वाजवायला घेताना

ऑर्केस्ट्रात नव्याने येणारी मुलं पहिल्या दोन-तीन सुपाऱ्यांनंतर, म्हणजे ठरवून घेतलेल्या कार्यक्रमांनंतर, मला हमखास विचारतात, "सर, तीच तीच सोपी गाणी किती वाजवायची?" मी सोलापुरात सोळा वर्षं कीबोर्ड वाजवतोय. सुरुवातीला हाच प्रश्न मलाही छळायचा.

पहिल्या वर्षी गणपतीत आमचा कार्यक्रम पूर्व भागात होता. हा यंत्रमागाचा, टॉवेल-चादरींचा भाग. घराघरांत तेलुगू बोललं जातं. मी दोन महिने घासून एक अवघड पीस बसवला होता आणि तो एकही सूर न चुकता वाजला. लोकांनी शांतपणे ऐकलं, तुरळक टाळ्या पडल्या. मग ढोलकीवाले काका माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तू नुसता सूर धर." त्यांनी भजनी ठेका लावला आणि गायकाने 'ज्ञानोबा माउली तुकाराम' हा गजर सुरू केला. तिसऱ्या फेरीला खुर्च्यांतून आवाज आला. पुढच्या रांगेतली एक आजी डोळे मिटून गात होती. त्या आवाजाने माझ्या अंगावर काटा आला. दोन महिन्यांच्या रियाजाने मला हे दिलं नव्हतं.

पुढे मी या गाण्यांची चाल नीट तपासू लागलो. शब्द मोजके, मुखडा एका सप्तकाच्या आत, ठेका आठ मात्रांचा, आणि दर आवर्तनाला सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, ठरल्या जागी येते. त्यामुळे टाळी कुठे द्यायची हे कुणाला शिकवावं लागत नाही. वादकाला यातून फार मोठी गोष्ट मिळते. बोटांवरचं लक्ष सुटतं आणि कान मोकळे होतात. ढोलकीचा घुमारा, गायकाचा श्वास, मागच्या रांगेतला बेसूर पण मनापासूनचा आवाज, सगळं ऐकू येतं. मला तरी वाजवण्याचं खरं सुख इथेच मिळालं.

मात्र सोपं गाणं सहज वाजतं असं समजू नका. पट्टी, म्हणजे गाणं कोणत्या सुरावरून गायचं ते, आधी ठरवा. आमचा गायक काळी तीनमध्ये, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीवरून, आरामात गातो, पण अंतरा वर चढला की लोक गप्प होतात. तेच गाणं आम्ही काळी एकमध्ये उतरवलं आणि लोक शेवटपर्यंत टिकले. लय तर टाळ्यांबरोबर पळतेच. ती ढोलकीने आणि ऑक्टोपॅडने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तालवाद्याने, धरून ठेवायची, कीबोर्डने मध्ये पडायचं नाही. लोक गायला लागले की भरणीचे, म्हणजे ओळींमधल्या रिकाम्या जागा भरणारे, सूर कमी करा. नव्या मुलांचे हात नेमके तिथेच शिवशिवतात.

गाण्यांचा क्रम लावताना घड्याळाकडे बघा. ठरावीक दिवशी बारापर्यंत परवानगी मिळते, एरवी दहाला स्पीकर बंद. म्हणून सगळ्यांना येणारं गाणं पावणेदहाच्या आत घ्या. एका वर्षी आम्हाला उशीर झाला आणि गजर रंगात असतानाच दहा वाजले. साउंडवाल्याने आवाज बंद केला. काकांनी ढोलकी खाली ठेवली. मांडवातले लोक मात्र टाळ्यांवर गातच राहिले, आणि आम्ही वायरी गुंडाळून टेम्पोत टाकेपर्यंत तो गजर ऐकू येत होता.