ॲक्विडक्टवर स्ट्राइप्ड बास गरवताना या चुका टाळा

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून लॉस एंजेलिसला जाताना आय-५ महामार्गाच्या कडेने तासन्‌तास सोबत करणारा सिमेंटचा कालवा म्हणजे कॅलिफोर्निया ॲक्विडक्ट. मुख्य कालवा ४४४ मैलांचा. सॅक्रमेंटो आणि सॅन होकीन नद्यांच्या डेल्टाचं (त्रिभुज प्रदेशाचं) पाणी ट्रेसी गावाजवळ पंपांनी उचलून तो दक्षिणेला नेतो, आणि पाण्याबरोबर मासेही नेतो. स्ट्राइप्ड बास या पट्टेरी माशाची अंडी तळाला बसत नाहीत, प्रवाहासोबत वाहत राहतात. ती आणि बारीक पिल्लं पंपातून कालव्यात येतात आणि तिथेच मोठी होतात. मुळात हा मासा या किनाऱ्याचा नव्हेच. १८७९ साली न्यू जर्सीहून आगगाडीने शंभरावर मासे आणून मार्टिनेझला सोडले. १८८२ साली आणखी काही आणले. आजचा सगळा वंश त्यांचा.

मी अलिबागकडचा. आमच्याकडे जिताडा गरवणारा माणूस खाजणाच्या उघाडीपाशी, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर होतं त्या तोंडाशी बसतो, तेही पाणी हलायला लागलं की. पाणी उभं असेल तर तो घरी झोपतो. हे लहानपणापासून पाहिलेलं असूनही ॲक्विडक्टवरचा माझा पहिला अख्खा मोसम कोरडा गेला, कारण कालवा म्हणजे सगळीकडे सारखंच पाणी, असं मी धरून चाललो होतो. नव्याने शिकणारे बहुतेकजण इथेच अडकतात.

पाणी न बघता गळ टाकणं

कालव्याचं पाणी पंपांवर आणि ते अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दारांवर चालतं. सकाळी जोरात वाहणारं पाणी दुपारी तळ्यासारखं उभं असू शकतं, आणि या वेळा रोज सारख्या नसतात. पोचल्यावर रॉड काढायच्या आधी एक वाळकी काडी पाण्यात टाका आणि तिच्याबरोबर काठाने चाला. काडी जागेवरच घुटमळत असेल तर मासा सुस्त आहे. अशा वेळी आमिष तळाशी ठेवून थांबा, नाहीतर डबा उघडून जेवून घ्या. काडी सावकाश चालीने पुढे सरकत असेल तर वेळ दवडू नका. वाहत्या पाण्यात बास प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, खाणं आपल्याकडे वाहत येण्याची वाट बघत. म्हणून प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकं फेका आणि आमिष पाण्याच्या चालीने खाली येऊ द्या. खालून वर ओढत आणलेलं आमिष माशाच्या मागून येतं आणि तो बिथरतो.

जोर लावून मधोमध फेकणं

लांब फेकता आलं की माणसाला बरं वाटतं, ते मी समजू शकतो. पण या कालव्याच्या बाजू उतरत्या आहेत आणि तळ सपाट. प्रवाहाचा सगळा जोर मध्ये. मासा ताकद वाचवतो; तो उतार जिथे तळाला भिडतो तिथे, पुलाच्या सावलीच्या रेषेवर, शेताकडे पाणी वळतं त्या तोंडापाशी, फुटलेल्या सिमेंटच्या खाचेत थांबतो. अशी खोड असलेली प्रत्येक जागा म्हणजे उघाडीच समजा.

केटलमन सिटीच्या बाजूला एका पुलाखाली मला हे पहिल्यांदा नीट दिसलं. पहाटेची वेळ होती. पुलाच्या खांबाला एक टंबलवीड, म्हणजे वाऱ्याने गडगडत येणारं वाळकं झुडूप, अडकून हलत होतं. बोटभर लांबीचा पांढरा रबरी मासा मी काठाला समांतर, जेमतेम चार हात आत फेकला आणि सावलीतून उजेडात येऊ दिला. रेषा ओलांडताक्षणी पाण्यात नुसती एक रुंद चमक दिसली आणि तंगूस सरकन बाजूला गेली. मासा काठाला इतका जवळ होता की मी दोन पावलं पुढे उभा असतो तर तो माझ्या सावलीने केव्हाच पळाला असता.

त्यामुळे काठाला खेटून उभं राहू नका, आणि खुर्ची टाकून एकाच जागी दिवस काढू नका. पंधरा-वीस वेळा फेकून काही नाही लागलं तर शंभर पावलं पुढे जा. कालव्यालगतच्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई असते, म्हणून सामान पाठीवर मावेल एवढंच घ्या.

जड सामान, शिळं आमिष

समुद्रावरचं शिसं इथे नको. मध्यम प्रवाहाला अर्धा औंस पुरतं, जोर असेल तर एक. शिसं तंगुसावर मोकळं सरकणारं हवं; मासा आमिष घेऊन निघाला की त्याला ओझं जाणवता कामा नये. १२ ते १५ पौंड ताण सोसणारी तंगूस आणि सात फुटी रॉड भरपूर झाला. आमिषाला पाइल वर्म, म्हणजे समुद्रातला एक किडा, उत्तम पण महाग. ॲन्चोव्ही, म्हणजे आपल्या मांदेलीची भाऊबंद, किंवा तारलीचा तुकडा चालतो. मात्र पुन्हा पुन्हा गोठवून मऊ पडलेला तुकडा पहिल्याच फेकीत गळून जातो आणि तुम्ही तासभर रिकामा गळ धरून बसता. दर पंधरा मिनिटांनी गळ बघा. शेवाळाचा एक धागा लागला असला तरी मासा तोंड लावत नाही.

उतारावर पाय ठेवणं

ही चूक जिवावर बेतते. कोरडं सिमेंट खरखरीत असतं, पाय छान बसतो, आणि त्यानेच फसायला होतं. पाण्याच्या रेषेशी हातभर रुंदीचा हिरवा-काळा पट्टा असतो. पाणी उतरलं की तो उघडा पडतो आणि साबणासारखा निसरडा असतो. माझा एक मित्र अडकलेला गळ सोडवायला खाली उतरला आणि बसल्या बसल्या कमरेपर्यंत पाण्यात गेला. रॉड पुढे करून दोघांनी ओढला म्हणून तो वर आला. एकटा असता तर त्या उतारावर धरायला काहीही नव्हतं. चांगला पोहणाराही तिथून वर चढू शकत नाही.

गळ अडकला तर तोडा. मासा लागला तर लांब दांड्याची जाळी वापरा, त्याच्यासाठी खाली उतरू नका. पोचल्या पोचल्या प्रवाहाच्या दिशेची पुढची लोखंडी शिडी कुठे आहे ते सगळ्यांना दाखवा. कोणी पडलंच तर प्रवाहाविरुद्ध पोहू नये, वाहत त्या शिडीकडे जावं. लाइफ जॅकेट घाला. मुलांना घातल्याशिवाय गाडीतून उतरवूच नका. दारांजवळच्या कुंपणाच्या आत, फलक लावलेल्या जागी, कितीही मासे उसळत असले तरी जायचं नाही.

परवाना, मोजपट्टी, शिंपले

१६ वर्षांपासून पुढे परवाना लागतो. सेंट्रल व्हॅलीत दिवसाला दोन मासे आणि किमान १८ इंच असा नियम आहे, दक्षिणेकडे तो वेगळा आहे. जायच्या आधी त्या वर्षाचं नियमपुस्तक बघाच. लहान मासा सोडताना हात ओले करा आणि त्याला सिमेंटवरून घासत आणू नका, अंगावरचा बुळबुळीत थर गेला की तो जगत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्टॉकटन बंदरात गोल्डन मसल हे परके शिंपले सापडले आणि पुढे या कालव्यावरच्या ओ'नील फोरबे जलाशयातही. ते पसरू नयेत म्हणून एका पाण्यातलं सामान दुसऱ्यात नेण्याआधी धुऊन पूर्ण वाळवा.

याच ओ'नील फोरबेमध्ये १९९२ साली ६७ पौंड ८ औंसांचा बास मिळाला होता. तसा मासा लागला तर मी फोटो काढून सोडून देईन. मोठ्या, जुन्या बासमध्ये पारा साठतो. गरोदर बायका आणि मुलांसाठी राज्याची सूचना वाचूनच ठरवा. कालवणाला वीस इंचाचा चांगला. मारल्याबरोबर कल्ले कापून रक्त जाऊ द्या, बर्फात ठेवा, आणि घरी साफ करताना कातडीखालचा लाल मांसाचा पट्टा काढून टाका. उग्र वास असतो तो त्याचाच. तो गेला की आगरी मसाला आणि चिंचेत हा मासा जिताड्याच्या पंगतीला बसतो.