शनिवारी मुक्काम, सोमवारी शाळा: छोट्या एसयूव्हीची तयारी

बेळगावकडून शनिवारी रानात मुक्कामाला जायचं, घरच्याच छोट्या एसयूव्हीत झोपायचं, आणि त्यासाठी आत लाकडी ओटा करून घ्यायचा, तर सुताराला हाक मारण्याआधी टेप घ्या, मागच्या सीटची पाठ पाडा आणि स्वतः गाडीत शिरा. पुढच्या सीटा जातील तितक्या पुढे सरकवून डिकीच्या दारापासून त्यांच्या पाठीपर्यंतचं अंतर मोजा. चार मीटरच्या आतल्या बहुतेक गाड्यांत ते सहा फुटांच्या थोडं अलीकडेच संपतं. घरात कुणी सहा फुटी असेल तर त्याला तिरकं झोपावं लागणार, आणि एकजण तिरका झोपला की दुसऱ्याची जागा गेली. मग चाकांवरच्या कमानींमधली रुंदी घ्या. ती साधारण मीटरभर भरते. म्हणजे दोन मोठी माणसं, नाहीतर एक मोठं आणि दोन लहान पोरं. चौघं आरामात झोपतात असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर त्या चौघांना एकदा आत घालून दार लावायला सांगा. उरलेल्यांसाठी शेजारी तंबू, हे आजच ठरवून टाका. छपरावरच्या तंबूचा मोह होईल, पण तो घेण्याआधी गाडीच्या पुस्तिकेत छपरावरच्या वजनाची मर्यादा बघा. तसे बरेचसे तंबू पन्नास किलोच्या पुढचे असतात, आणि गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ला घाटाच्या वळणांवर एवढं वजन डोक्यावर घेऊन जाण्यात शहाणपणा नाही.

गाडीत जे काही बसवाल त्या प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावा: रविवारी रात्री ती एकट्या माणसाला वीस मिनिटांत काढता येते का? सोमवारी याच गाडीतून पोरं शाळेला जायची आहेत, आईला दवाखान्यात न्यायचं आहे. जे निघत नाही ते करू नका. कायदाही याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरलं. त्यामुळे मागची सीट उचकटून माळ्यावर टाकायची नाही, तळाला भोकं पाडायची नाहीत. भोकांना तर दुसरीही हरकत आहे. बहुतेक गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालीच असते आणि ब्रेकच्या नळ्याही तिथूनच जातात.

आता फळी, म्हणजे झोपायचा ओटा. वेळ आणि पैसा इथेच घाला. सीटची पाठ पाडली तरी बऱ्याच गाड्यांत ती सपाट होत नाही, पुढे चढ आणि मागे खड्डा राहतो. ओटा हा फरक भरून काढण्यापुरता उंच हवा, जास्त नको. त्यावर मांडी घालून बसल्यावर डोकं छताला लागता कामा नये. प्लायवूड बारा मिलिमीटरचं पुरतं, खाली दीड-दोन इंची पट्ट्या मारल्या की वाकत नाही. अठरा मिलिमीटर घ्यायला सुतार सांगेल, कारण त्याला कपाटाची सवय. पण आठ बाय चारचा बारा मिलिमीटरचा ताव वीस-पंचवीस किलोचा, तर अठराचा पस्तीसच्या घरात जातो. ग्रेड मात्र ७१० चीच, म्हणजे पाण्याला टिकणारी, मागा. आपल्याकडच्या पावसाळ्यात साधं प्लाय फुगून त्याचे पापुद्रे सुटतात. कडा उघड्या ठेवू नका, पॉलिशचे दोन हात मारून घ्या.

ओटा एका तुकड्यात नको. जाताना पोरं मागच्या सीटवर पट्टा लावून बसणार, म्हणजे सीट उभी हवी आणि ओटा डिकीत मावला पाहिजे. मागे डिकीच्या मापाची पेटी, तिच्या झाकणाला लांब पियानो बिजागरी लावून जोडलेली दुसरी फळी, आणि पुढच्या सीटमागे पाय ठेवायच्या खड्ड्यावर येणारी तिसरी, दोन काढत्या पायांची. मुक्कामी पोचलं की सीट पाडायची, फळी उलगडायची, पाय लावायचे. पायांना लाकूड नको असेल तर बेळगावच्या उद्यमबागेत अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या मापाने कापून, खाली रबरी बूच बसवून देणारे मिळतात. पेटी डिकीतल्या कड्यांना रॅचेट पट्ट्यांनी आवळा. नुसती ठेवलेली पेटी जोराच्या ब्रेकला पुढच्या माणसांच्या पाठीत येते. चालत्या गाडीत ओट्यावर कुणालाही लोळू देऊ नका, आणि "दहाच मिनिटं, पप्पा" ला भुलू नका.

आणखी दोन गोष्टी सुतार काम सुरू करायच्या आत बघा. स्टेपनी डिकीच्या तळाखाली असेल तर पेटीचा तळ उचलता आला पाहिजे. चोर्ल्याच्या वाटेवर जांबोटीच्या पुढे अंधारात सगळं सामान रस्त्यावर मांडून जॅक शोधणं काही मौजेचं नसतं. आणि पडद्याची दांडी किंवा आकडे खिडकीवरच्या खांबांना ठोकू नका. त्या अस्तरामागे पडदा-एअरबॅग असेल तर ती उघडताना दांडी आतल्या माणसांवर येईल.

गादीसाठी कुशनवाल्याकडून तीन इंची फोम तीन तुकड्यांत कापून घ्या, फळ्यांच्या जोडांशी जोड न जुळेल असा, म्हणजे फट पाठीला टोचत नाही. खोळ जाड सुती, चेनची. रेक्झिन नको, घाम सुटतो.

हवा खेळती ठेवणं गादीपेक्षा महत्त्वाचं. बंद गाडीत दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, पहाटे काचांवरून पाणी ओघळतं आणि गादी दमट होते. समोरासमोरच्या दोन काचा इंच-दोन इंच खाली हव्यात. पावसासाठी वर व्हायजर लावा, डासांसाठी दाराच्या चौकटीवर मोज्यासारखी चढणारी जाळी टेलरकडून शिवून घ्या. काचा झाकायला चंदेरी फुगेवाली शीट वर्तमानपत्राच्या नमुन्यावर कापा. ती घट्ट बसली तर चोषक लागत नाहीत, सकाळी गुंडाळून सीटखाली जाते. चालत्या गाडीत मात्र एकही काच झाकलेली नको.

डिसेंबर-जानेवारीत खानापूरच्या पश्चिमेला रात्री चांगलीच बोचरी थंडी असते, तेव्हा हे वाचून ठेवा. इंजिन चालू ठेवून, हीटर लावून झोपायचं नाही. शेकोटीतले निखारे घमेल्यात घालून गाडीत आणायचे नाहीत, आणि गॅसची शेगडी आत, मागचं दार उघडं ठेवूनसुद्धा, पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस त्यातून उठत नाही. थंडीला घोंगडं, कानटोपी आणि रबरी पिशवीत गरम पाणी, एवढंच.

विजेचा हिशोब कागदावर करा, मग दुकानात जा. यूएसबीवरचा पाच वॅटचा पंखा आठ तास म्हणजे चाळीस वॅट-तास. तीन वॅटचा दिवा चार तास, बारा. दोन फोन भरायला तीस-चाळीस. एका रात्रीला नव्वद धरा. वीस हजार एमएएचची पॉवर बँक कागदावर चौऱ्याहत्तर वॅट-तासांची असते, हाताला त्याहून कमी लागते. तेव्हा अशा दोन पुरतात. दोन रात्री राहणार असाल किंवा छोटा फ्रीज डोक्यात असेल तर मग १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी बघा, तिच्यात अडीचशेच्या थोडं वर मावतं. तिला तिचाच चार्जर हवा, आणि तारेत बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज हवा. गाडीच्या मूळ बॅटरीला रात्रभर काहीही लावू नका. ती इंजिन फिरवायला बनवलेली आहे, पूर्ण उतरवली की तिचं आयुष्य घटतं, आणि कणकुंबीच्या पुढे धक्का मारायला चार माणसं कुठून आणाल?

स्वयंपाकाचं फार मनावर घेऊ नका. एक बर्नर, एक पातेलं, तवा, चहाची भांडी, बस. पहिल्या रात्रीच्या भाकऱ्या, चटणी आणि सुकं पिठलं घरूनच न्या. गॅसचे छोटे डबे उन्हात उभ्या गाडीत सोडू नका. पाण्याचा वीस लिटरचा कॅन पेटीत खाली, अ‍ॅक्सलच्या जवळ ठेवा. भांडी झऱ्यावर साबणाने घासायची नाहीत. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, पुढे ती कित्येक गावांचं पिण्याचं पाणी होते.

सगळं भरलं की वजन मांडा. चार माणसं, ओटा, पाणी, तंबू, बॅटरी, पोरांची सायकल, सगळं. छोट्या एसयूव्हीची क्षमता माणसांसकट साधारण चारशे ते साडेचारशे किलोची असते, ती लवकर संपते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर बघून भरल्या गाडीची हवा टायरांत भरा, रिकाम्या गाडीची नको.

मुक्कामाची जागा दिवसाउजेडी गाठा. या गाड्या बहुतेक पुढच्या दोन चाकांवर चालतात, दिसायला कितीही उंच असल्या तरी. खानापूरकडची तांबडी माती पावसात साबणासारखी होते आणि सौंदत्ती-रामदुर्गाकडची काळी चाकाला धरून ठेवते. खोरं, दोन रिकामी पोती, टोइंग हूक आणि जाड दोर घ्या. पात्रात किंवा धरणाखाली वाळूवर गाडी उतरवू नका, हिडकल धरणाचं पाणी कधी सोडतील ते तुम्हाला विचारून सोडत नाहीत. ऊस तुटायच्या दिवसांत रात्रीचा प्रवासच टाळा. निपाणी, चिकोडी, गोकाक, कुठल्याही रस्त्यावर दिवा नसलेली भरलेली ट्रॉली समोर येते.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही. त्यापेक्षा ओळखीच्या शेतकऱ्याचं खळं किंवा गावच्या देवळाचं आवार बरं. पाटलाला किंवा पुजाऱ्याला विचारा, सकाळी जागा झाडून द्या. पश्चिमेकडे मराठी चालून जातं, पूर्वेला "इल्लि गाडी निल्लिसबहुदा?" (इथे गाडी थांबवली तर चालेल का?) एवढं कन्नड तरी तोंडपाठ असू द्या. उसाच्या किंवा केळीच्या बांधाला गाडी लावू नका. खानापूर, चंदगड, दोडामार्ग या पट्ट्यात हत्ती फिरतात, आणि गव्याला हेडलाइटचं भय नसतं. उरलेलं अन्न पेटीत बंद, गाडीखाली नाही.

गोचिडांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्या चावण्यातून होणारा माकडताप १९५७ मध्ये शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला आणि अलीकडे गोव्यातल्या सत्तरी आणि दोडामार्गापर्यंत पोचला; आपला चोर्ल्याचा पट्टा त्यांना लागूनच आहे. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, आणि आपला फिरायचा काळही तोच. पाचोळ्यावर बसायचं नाही, सतरंजी अंथरूनही नाही. पँट मोज्यात खोचा, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल किंवा तसलं मलम लावा, संध्याकाळी पोरांच्या काखा, कानामागे, गुडघ्यामागे नीट बघा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. परतल्यावर आठवडाभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आधी सांगा.

राहिली कागदं. आरसी, विमा, पीयूसी, परवाना फोनवर असू द्या, पण छापील प्रतही ठेवा; चोर्ल्यात फोनला रेंज धड नसते. नकाशाही आधीच उतरवून घ्या. आणि गोव्याकडून परतणार असाल तर कणकुंबीच्या नाक्यावर गाडी थांबवून झडती होऊ शकते. पेटीचं झाकण गादी न उचलता उघडेल असं ठेवा, नाहीतर झोपलेल्या पोरांना उठवून, गादी रस्त्यावर काढून, साहेबांना आतलं पातेलं दाखवावं लागतं. पातेल्याशिवाय आत आणखी काही असेल तर त्याचा विचार तुम्ही गोव्यातच केलेला बरा.