प्रचरण विश्लेषणाची गृहीतके कशी तपासावीत

प्रचरण विश्लेषण, म्हणजेच अॅनोव्हा, गटांच्या सरासरींमधली तफावत गटांच्या आतल्या चढउताराशी ताडून पाहते, आणि या दोहोंच्या गुणोत्तराला 'एफ' म्हणतात. रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात ही पद्धत शेतीच्या प्रयोगांसाठी विकसित केली. 'एफ'वर विसंबायचे तर निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असावी लागतात, सर्व गटांचे प्रचरण, म्हणजे आकड्यांचे विखुरलेपण, सारखे असावे लागते आणि अवशेषांचे (निरीक्षणातून गटाची सरासरी वजा केल्यावर उरणाऱ्या आकड्यांचे) वितरण प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराचे, असावे लागते. बरेच जण तपासणीला शेवटच्या गृहीतकापासून हात घालतात. माझ्या मते सुरुवात स्वातंत्र्यापासूनच व्हावी, कारण तिथली चूक सर्वांत महागात पडते.

स्वातंत्र्य आकड्यांकडे नुसते पाहून कळत नाही, त्यासाठी प्रयोगाची आखणीच वाचावी लागते. समजा, तीन खतांपैकी प्रत्येक खत पाच रोपांना दिले आणि दर रोपाची चार पाने मोजली. हाती ६० आकडे आले, तरी एकाच रोपाची पाने एकमेकांसारखी असल्यामुळे स्वतंत्र निरीक्षणे १५च आहेत. साठही आकडे सुटे धरले, तर गटांतर्गत स्वातंत्र्याच्या मात्रा (निरीक्षणांच्या संख्येतून गटांची संख्या वजा करून येणारा आकडा) ५७ होतात आणि ५ टक्के पातळीवर एफची सीमा, जी ओलांडली तरच फरक दखलपात्र मानतात, सुमारे ३.१६ येते, रोपागणिक सरासरी घेतली, तर मात्रा १२ आणि सीमा ३.८९. शिवाय पानांच्या सारखेपणामुळे एफचा छेद हवा त्याहून लहान पडतो, आणि नसलेला फरक दिसू लागतो. त्यामुळे रोपागणिक सरासरी घ्यावी, किंवा रोपाचा परिणाम धरणारे मिश्र प्रतिमान वापरावे.

त्यानंतर प्रत्येक गटाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या विखुरलेपणाचे माप, काढावे. सर्वांत मोठे विचलन सर्वांत लहानाच्या दुपटीपेक्षा कमी असेल आणि गटांतील निरीक्षणांची संख्या सारखी असेल, तर सहसा काळजीचे कारण नसते. संख्या असमान असताना मात्र सावध राहावे: लहान गटात विखुरलेपण जास्त असेल, तर खोटे निष्कर्ष वाढतात, मोठ्या गटात जास्त असेल, तर खरा फरकही निसटू शकतो. अशा वेळी गटांचे प्रचरण सारखे न धरणारी वेल्च यांची पद्धत वापरावी.

प्रसामान्यता मूळ आकड्यांची नव्हे, अवशेषांची तपासावी. गटांच्या सरासरी १०, २० आणि ३० असतील आणि प्रत्येक गटातले विखुरलेपण थोडे असेल, तर सर्व आकड्यांच्या एकत्रित आलेखाला तीन उंचवटे दिसतील, पण त्यात काहीच बिघडलेले नसते. प्रत्येक निरीक्षणातून त्याच्या गटाची सरासरी वजा करावी आणि उरलेल्या आकड्यांचा क्यू-क्यू आलेख काढावा; वितरण प्रसामान्य असेल, तर त्यातले बिंदू सरळ रेषेलगत पडतात. निरीक्षणे भरपूर असतील, तर रेषेपासूनच्या किरकोळ विचलनाचा बाऊ करू नये. टोकाला एखादा बिंदू फार दूर पडला असेल, तर आधी नोंदवहीत त्याचे मूळ शोधावे. वितरण एका बाजूला लांबलेले असेल आणि आकडे धन असतील, तर लॉगरिथम घेऊन पाहावे. अनेकदा त्याने विखुरलेपणही सारखे होते. आकड्यांऐवजी त्यांचे क्रम वापरून गटांची तुलना करणाऱ्या क्रुस्कल-वॉलिस चाचणीला प्रसामान्यता लागत नाही, पण निरीक्षणांचे स्वातंत्र्य तिलाही लागतेच.