सात सीटची एसयूव्ही घेताय? आधी मागच्या रांगेत बसून बघा

शोरूममध्ये गेलं की सेल्समन आपल्याला थेट ड्रायव्हरच्या सीटवर बसवतो आणि सनरूफ उघडून दाखवतो. घरात दुसरं बाळ येणार असेल, आई-बाबाही सोबत असतील, तर गाडी मागच्या दारापासून बघायला लागा.

त्याआधी माणसं मोजा. रोज चार आणि गणपतीला गावी जाताना सहा, असा हिशोब असेल तर क्रेटासारखी पाच सीटची गाडी पुरते. वर्षातल्या त्या दोन फेऱ्यांना इनोव्हा भाड्याने केलेली स्वस्त पडते. रोजच सहा जण असतील तरच पुढे वाचा.

१. चाइल्ड सीट सोबत न्या. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आयसोफिक्सचे हुक, म्हणजे चाइल्ड सीट गाडीला घट्ट अडकवायच्या कड्या, बहुतेक गाड्यांत मधल्या रांगेच्या कडेच्या दोन सीटनाच असतात. मागे जायला हीच सीट दुमडावी लागते, आणि तिच्यावर चाइल्ड सीट बांधलेली असली की ती दुमडता येत नाही. दोन्ही कडांना दोन मुलं बसवली की मागच्या रांगेची वाटच बंद! मधे दोन सुट्या कॅप्टन सीट असतील तर त्यांच्यामधून जाता येतं, पण एक जागा कमी होते. बोलेरोसारखी आडवी बाकं असतील तर तिथे चाइल्ड सीटचा विचारच सोडा.

२. आजीला चढायला-उतरायला सांगा. साडी सावरत, हँडल धरून, पायरीवर पाय ठेवून. मधल्या रांगेत जमलं तर पास. तिसऱ्या रांगेत तुम्ही स्वतः पंधरा मिनिटं बसा, एसी लावून. तिथे फ्लोअर उंच असल्याने गुडघे वर येतात.

३. सगळ्या सीट उभ्या ठेवून डिकी उघडा. स्कॉर्पिओ-एनमध्ये मग जेमतेम पिशव्या मावतात. अर्टिगात 209 लिटर जागा उरते. ती एसयूव्ही नाही, एमपीव्ही म्हणजे जास्त माणसं बसवायला केलेली कौटुंबिक गाडी आहे, पण माझ्या मते बऱ्याच घरांना तीच खरी सोयीची. फक्त सीएनजी घेतली तर टाकी डिकीतच बसते.

४. भारत एनसीएपीचा, म्हणजे गाडीच्या क्रॅश टेस्टचा, निकाल बघा. 2023 पासून ही चाचणी सुरू आहे. मुलांच्या सुरक्षेचे तारे वेगळे, 49 पैकी गुणांवर दिले जातात. ते आधी विचारा.

५. इंधन. रोज शाळा, भाजी, ऑफिस एवढंच पाच-सहा किलोमीटर फिरणं असेल तर डिझेल नको. बीएस-6 या प्रदूषण नियमांतल्या डिझेल गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ व्हायला गाडी तापून सलग चालावी लागते, नाहीतर तो चोंदतो. शिवाय महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्सचा दरही जास्त.

६. टेस्ट ड्राइव्ह घरी मागवा. सफारी साधारण 4.67 मीटर लांब आहे. सोसायटीच्या रॅम्पवरून ती खाली न्या, आपल्या खांबाशेजारी लावा आणि मागचं दार पूर्ण उघडून मूल बाहेर काढता येतं का ते बघा.