मळ्यात बसून लाकूड कोरायचंय? आधी पट्टा पिशवीत टाका

पट्टा घ्या. चामड्याचा, चाकू पाजवायचा. बाकी काहीही विसरलात तर फार तर काम अर्धवट राहील. पट्टा विसरलं की काय होतं त्याची खूण माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी आहे, 3 टाक्यांची.

झालं असं की थंडीत नाशिकजवळ गिरणाऱ्याकडे मामेभावाच्या मळ्यात गेलो होतो. कोवळं ऊन, बांधावर पोतं अंथरलेलं, हातात बाभळीचा वाळका तुकडा आणि डोक्यात चमचा. तासाभरात चाकू बोथट झाला. बोथट चाकू कापत नाही म्हणून आपण जोर लावतो, जोर लावला की तो सटकतो, आणि सटकला की समोर लाकूड धरलेला आपलाच हात असतो. भावाने रुमाल बांधला, गाडी काढली आणि शहरात शिरेपर्यंत एकच वाक्य ऐकवलं, "दादा, थर्मास आणलास, टोपी आणलीस, खुर्ची आणलीस, अन् धार लावायला काहीच नाही?"

तर पट्टा. विकतचाच हवा असं नाही. जुना कमरेचा पट्टा, पण खऱ्या चामड्याचा, रेक्झिनचा नको. त्याची खरबरीत बाजू वर ठेवून फळीच्या पट्टीवर चिकटवा आणि हिरव्या पॉलिशची वडी त्यावर घासा. स्टीलच्या भांड्यांना चमक आणायला वापरतात तीच. पातं त्याच्याच पाठीच्या दिशेने ओढायचं, धारेच्या दिशेने ढकलायचं नाही, नाहीतर पट्टाच कापला जाईल. दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा. दर अर्ध्या तासाने, चाकू चांगला चालतोय असं वाटलं तरीही. निसण्यावरचं काम घरीच आटपून निघा. मळ्यात दगड, पाणी, चिखल हा खेळ जमत नाही.

चाकू दोन-तीन इंची पात्याचा, मूठ भरून पकडता येईल असा. कलमं बांधायचा घडीचा चाकू अनेकांच्या घरी असतो, पण त्याला लॉक नसेल तर तो घरीच राहू द्या. जोर देताना पातं बोटांवर मिटतं. चमचा किंवा वाटी कोरायची असेल तर वाकड्या पात्याचा चाकू वेगळा लागतो, सरळ चाकूने खळगा होत नाही. त्याची आतली धार सपाट पट्ट्यावर लागत नाही, म्हणून गोल दांडक्याला चामडं गुंडाळून दुसरा छोटा पट्टा करा. हो, दोन पट्टे. लहान करवत आणि फाडण्यापुरता कोयता मळ्यात मिळतोच. कोयत्यावर हातोडी मारू नका, जाड लाकडी दांडकं मारा.

आता लाकूड. माझी दुसरी चूक ही की वाळकी बाभूळ घेतली. ती बैलगाडीला ठीक. शिकणाऱ्याने ओलं, म्हणजे ताजं तोडलेलं लाकूड घ्यावं, ते मऊ कापलं जातं. बांधावरच्या पेरूची किंवा सीताफळाची छाटलेली फांदी मिळाली तर उत्तमच. पांगारा इतका हलका की सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी पूर्वी तोच वापरत. शिवण मिळाली तर सोडू नका, वखारीत विचारून बघा. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या ढिगाने पडलेल्या असतात म्हणून हुरळू नका, बारीक काडीतून काही निघत नाही. जुना खोडाचा बुंधा मिळाला तर गोष्ट वेगळी, पण तो कठीण आणि पिळलेला असतो. कडुनिंब कोरायला बरा, पण त्याचा चमचा मी केलाय आणि वरण कडू लागलंय.

कण्हेर नको. तिचं प्रत्येक अंग विषारी आहे, पळी-चमच्याला तर मुळीच नको. बिब्ब्याच्या झाडाला हात लावू नका, चिकाने फोड येतात. आंब्याचा चीकही काहींना बाधतो. आणि अंजनेरी, ब्रह्मगिरीकडे फिरताना "पडलेलंच तर आहे" म्हणून फांदी उचलू नका. ते वनखात्याचं रान आहे. लाकूड घरून न्या, किंवा ज्याचा बांध त्याला विचारून घ्या.

फांदी उभी फाडून मधला गाभा काढून टाका, तो ठेवला तर तडा जाणारच. तडे टोकांकडून सुरू होतात, कारण पाणी तिथूनच आधी उडतं. एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात तासाभरात चिरा दिसतात. म्हणून लाकूड ओल्या पोत्यात आणि अर्धवट काम त्याच्याच ढलप्यांसकट प्लास्टिकच्या पिशवीत.

करायचं काय? पहिल्या दिवशी विटी. हसू नका. दोन्ही टोकं निमुळती करताना चाकूचे निम्मे हात आपोआप बसतात, आणि बिघडली तरी पोरं खेळतात. मग लोण्याची पसरट सुरी, तिला खळगा नसतो. पेरूच्या दुबेळक्याची बेचकी, साल सोलून मूठ घडवली की झाली. तंबूच्या खुंट्या. चमचा तिसऱ्या-चौथ्या खेपेला. भोवरा मोह घालतो, पण लाकूड कातायच्या चरकाशिवाय तो एका बाजूला झुकतो. आर, म्हणजे खालचा खिळा, बरोबर मध्यावर ठोकता आली तर थोडा फिरतो, माझा लंगडतो. येवल्याची पतंगाचा मांजा गुंडाळायची आसारी डोळ्यासमोर असेल तर ती पुढच्या संक्रांतीपर्यंत विसरा. पेठ-सुरगाण्याचे बोहाड्याचे, म्हणजे देवांची सोंगं नाचवायच्या उत्सवाचे, मुखवटे बघून हात शिवशिवतात, पण ते एका दुपारचं काम नाही.

दर वस्तूनंतर पट्टा. एक विटी, पट्टा. एक सुरी, पट्टा. कंटाळा येतो, मलाही येतो, तरी.

बसताना कोपरं गुडघ्यांवर, काम गुडघ्यांच्या पुढे. मांड्यांच्या मध्ये कधीच कोरायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी आहे, तिथे चाकू गेला तर गिरणाऱ्याहून शहर फार लांब पडतं. हात लांब करून चाकू जिथवर पोचेल तिथवर कुणी नको, पोरं तर नकोच. सोमेश्वरला किंवा गोदाघाटावर तर जाऊच नका. तिथे माणसं मागून येऊन "काय करताय?" विचारतात, शिवाय गर्दीत उघडा चाकू बघून पोलीसही विचारतील आणि त्यांचं बरोबरच असेल. मळा बरा. डाव्या हातात चाकूने न कापला जाणारा हातमोजा, साधा सुती चालत नाही. अंगठ्याला कापडी चिकटपट्टी. जखमेसाठी गॉज, लागलंच तर दहा मिनिटं दाबून धरा, सारखं उघडून बघू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून ठेवा, मला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आठवेना.

पाणी, टोपी, डबा. तुम्ही लहान नाही.

पावसाळ्यात जाऊ नका, पातं गंजतं.

उठताना चाकू मोजा, गवतात पडलेला चाकू बैलाच्या किंवा कुणाच्या तरी पायाला सापडतो. पात्याला पुठ्ठ्याची म्यान. हो, पट्टा खरंच घरी राहिलाच तर साधा पुठ्ठाही धार थोडी आणतो, मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. पण यावर विसंबून पट्टा सोडू नका.

घरी आल्यावर आठवडाभर सावलीत वाळवणं, पॉलिश पेपर, तेल. तेल घाण्याचं कच्चं जवसाचं. शेंगदाण्याचं सुकत नाही, खवट होतं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल चमच्याला नको, त्यात धातूंची द्रव्यं घातलेली असतात. आणि तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटते. दोरीवर पसरून वाळत घाला.